गेलीस, आलीस

मास्तरांकडे गाडी शिकायला येणाऱ्याला पहिल्या दिवशी गाडी चालवायला मिळत नसे. पहिल्या दिवशी त्याने स्टिअरिंग धरून नुसतं बसायचं, मान समोर, नजर समोर, आणि मास्तर गाडीभोवती एक फेरी मारणार. मास्तर दिसेनासे झाले की शिकाऊने 'गेलात' म्हणायचं, पुन्हा दिसले की 'आलात'. फेरी संपली की मास्तर खिडकीशी वाकून विचारत, "मधे मी कुठे होतो?" बहुतेक जण हसत. मास्तर हसत नसत. ते म्हणत, मी इथेच होतो, गाडीला हात लावून उभा होतो, तुम्ही गाडी हलवली असतीत तर आत्ता चाकाखाली असतो. मग शिकाऊला घरी पाठवून देत. उद्या या म्हणत.

दुसऱ्या दिवसापासून दुसरा छळ सुरू होई. बोलत गाडी चालवायची. डावीकडे सायकल, पुढे बस थांबतेय, कुत्रं, फाटकातून बाई येतेय, असं दिसेल ते मोठ्याने सांगायचं. "बोलला नाहीत म्हणजे दिसलं नाही," हे मास्तरांचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे निम्मं गाव स्टिअरिंगवर बसलं की स्वतःशी बडबडत असे आणि बाहेरगावचे पाहुणे घाबरून एकमेकांकडे बघत. गावातले डॉक्टर, बसड्रायव्हर, शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळे मास्तरांच्या हाताखालून गेलेले. मास्तर स्वतः मात्र कोणाच्या शाळेत गेले नव्हते. पोरवयात मालट्रकवर क्लीनर होते, तिथल्या ड्रायव्हरच्या टपल्या खात खात गाडी शिकले. आपण कोणावर हात उचलायचा नाही हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. जिभेबद्दल काही ठरवायचं राहून गेलं.

त्यांची बायकोही त्यांचीच विद्यार्थिनी. पहिल्या दिवशीच्या फेरीत ती 'गेलात' म्हणेचना. मास्तर गाडीच्या मागे पोचले तरी "अजून दिसताय" म्हणत होती. त्यांनी येऊन पाहिलं तर बाईसाहेब मान पूर्ण वळवून बघत बसलेल्या. मास्तर जे कडाडले ते सबंध मैदानाला ऐकू गेलं. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी तिने कबूल केलं की ती गाडीचा अभ्यास करत नव्हतीच. ती औषधाच्या दुकानात काउंटरला असे. चार लोकांत ती नवऱ्याला गावासारखंच 'मास्तर' म्हणायची. 'अहो' म्हणाली की प्रकरण गंभीर आहे हे मास्तर ओळखून असत.

पन्नाशी उलटली तेव्हा मास्तरांनी आयुष्यातली एकुलती एक चैन केली. एका गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली धूळ खात पडलेली पिवळी, दोन सीटची स्पोर्ट्स कार घरी आणली. सुटीच्या दिवशी तिच्याखाली पाठीवर पडून, तिचा एकेक भाग उघडून, साफ करून, ती चालती केली. गाडी इतकी बसकी की आत शिरताना माणसाची घडी घालावी लागे. बायकोने पहिल्या दिवशीच तिचं नाव ठेवलं, सवत. पण पावसापाण्यासाठी सवतीचं कव्हर तिनेच शिवलं, आणि तेही अस्तर लावून.

शिकवायची गाडी वेगळी होती. तिला मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक होता आणि टपावर पाटी होती, आणि धंद्याची गाडी घरच्या कामाला वापरायची नाही हा मास्तरांचा नियम होता. म्हणजे घरच्यांसाठी उरली सवत. नवराबायको दोघंच होती तोवर भागलं. मग मुलीची बदली इथल्या इस्पितळात झाली. ती नर्स, जावई बोटीवर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. ती आपल्या सहा वर्षांच्या लेकीला घेऊन माहेरी राहायला आली. नातीला सगळे खारू म्हणत, कारण तिचं तोंड दिवसभर काहीतरी कुरतडत असे. आता माणसं चार आणि सीटा दोन.

बायकोने 'माणसांची गाडी घ्या' हा धोशा लावून जमाना झाला होता. तिचे गुडघे धरत. सवतीतून बाहेर पडायचं तर आधी दोन्ही पाय रस्त्यावर ठेवून कोणाचा तरी हात मागावा लागे. मास्तर दर वेळी हसण्यावारी नेत. त्यामुळे एका सकाळी चहा पिता पिता ते आपणहून म्हणाले, "चल, मोठी गाडी बघायला जाऊ या," तेव्हा मायलेकी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आईच्या गुडघ्यांची दया आली असेल, असं मुलीला वाटलं. मास्तरांनी तसं वाटू दिलं.

खरं कारण आदल्या आठवड्यात घडलं होतं आणि ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

खारूला शाळेत सोडायला ते सवत घेऊन निघाले होते. शेजारी बसून खारू आजोबांच्या विद्यार्थ्यांचा खेळ खेळत होती. मांजर, निळा दरवाजा, छत्रीवाले काका, असं चाललं होतं. शिंप्याच्या दुकानाशी वळण आलं. मास्तरांनी दोन्हीकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता. क्लच सोडला, गाडी पुढे सरकली, आणि खारू म्हणाली, "सायकल. आजोबा, सायकल." ती ओरडली नाही, खेळातल्याच आवाजात म्हणाली. इतक्या वर्षांची पायाची सवय म्हणून ब्रेक लागला. एक बाई सायकलवरून बॉनेटला तळवा टेकवत, कशीबशी तोल सावरत निघून गेली. जाताना तिने मास्तरांचा उद्धार केला, तो त्यांना ऐकूच आला नाही.

"कुठून आली गं ही?" त्यांनी विचारलं.

"तिथूनच," खारू म्हणाली. "किती वेळ येत होती."

शाळेच्या दाराशी त्यांनी खारूला सांगितलं, हे आईला सांगायचं नाही. खारूने मान हलवली. परत येताना मास्तरांना सायकलपेक्षा ती हललेली मान जास्त टोचत राहिली. सहा वर्षांच्या पोरीला आपण लपवायला शिकवलं.

पण मास्तर हार मानणारे नव्हते. दोष कोणाचा, याचा त्यांनी शांतपणे विचार केला. डोळ्यांचा नाही. परवाना नवा करताना त्यांनी तक्त्यावरची अगदी खालची, मुंगीएवढी ओळ न अडखळता वाचली होती आणि तिथला कारकून म्हणाला होता, मास्तर, घारीचे डोळे आहेत तुमचे. म्हणजे दोष गाडीचा. सवत बसकी, तिच्या खिडक्या म्हणजे बिळं, काचेच्या कडेचा खांब जाड, बाजूचं दिसणार कसं? उंच बसायची, मोठमोठ्या खिडक्यांची गाडी घेतली की प्रश्न मिटला. सवत राहील सुटीच्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर मिरवायला आणि घरच्या चौघांसाठी ती मोठी. हे त्यांना इतकं पटलं की त्या रात्री त्यांना झोपही लागली.

गेल्या वर्षाभरातल्या बाकीच्या गोष्टी त्यांनी या हिशेबात धरल्या नाहीत. अंधार पडला की शिकवणी बंद, कारण हल्ली समोरच्या गाड्यांचे दिवे फार झगझगीत असतात. सवतीच्या डाव्या अंगावर पोचा आला, तो कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याच्या व्हॅनने. त्यावरून मास्तरांनी भर रस्त्यात बेकरीवाल्याला नाही नाही ते सुनावलं होतं, आणि तेव्हापासून दोघांमध्ये बोलणं बंद. घरात पाव यायचा तो बायको दुपारी गुपचूप आणायची. कोपराने ग्लास पडायचे, दाराच्या चौकटी खांद्याला लागायच्या. बायको वेंधळा म्हणायची आणि ते ऐकून घ्यायचे. शिकाऊंना मात्र ते पूर्वीपेक्षा कडक झाले होते. क्षणभर कोणी गप्प बसलं की "बोला, बोला" म्हणून अंगावर जात. कडकपणा वाढलाय असं सगळ्यांना वाटे. त्यांनाही तसंच वाटे.

गाड्या बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला. दोघं सवतीत बसून एकेका शोरूमला जात. पहिल्या ठिकाणी टायवाल्या तरुणाने गाडीचे गुण गायला सुरुवात केली. बाटल्या ठेवायच्या इतक्या जागा, मागच्यांना वेगळा वारा, पडद्यावर नकाशा. मास्तरांनी त्याला हाताने थांबवलं आणि चालकाच्या सीटवर जाऊन बसले. मान समोर, नजर समोर. बायकोला म्हणाले, "तू जरा फेरी मार."

ती हसली. पर्स काखेत धरून, गुडघा सांभाळत गाडीभोवती निघाली. नाकासमोरून निघून ती पुढच्या दिव्याच्या कोपऱ्याशी गेली.

"गेलीस," मास्तर म्हणाले.

मागून वळसा घालून ती दुसऱ्या बाजूच्या दिव्याशी आली तेव्हा म्हणाले, "आलीस." मग खाली उतरले. "खांब जाड आहे," असा निकाल देऊन चालू लागले. टायवाला बिचारा काचेच्या कडेच्या खांबाकडे बघत राहिला. त्या खांबाबद्दल आजवर कोणी तक्रार केली नव्हती.

दुसरी गाडी बायकोला मनापासून आवडली. राखाडी रंगाची, कसलाही तोरा नसलेली. दार रुंद उघडायचं, सीट नेमकी कमरेच्या उंचीला, म्हणजे चढायचं नाही की बुडायचं नाही, नुसतं मागे टेकायचं. ती दोनदा बसली, दोनदा उठली, आणि एकदाही हात मागितला नाही. मागच्या सीटवर खारू आडवी झोपू शकेल, असंही तिने मापून पाहिलं. मास्तरांनी फेरी मारायला लावली. गेलीस, आलीस. "खांब जाड आहे."

"तुम्ही गाडी घेताय की खांब?" ती म्हणाली. पण तिला वाईट वाटलं होतं, ते मास्तरांना कळलं.

तिसरी गाडी तर मास्तरांनी मुद्दाम शोधून काढली होती. तिला चहूकडे नुसत्या काचाच काचा. आत बसलेला माणूस दुकानात मांडून ठेवल्यासारखा दिसे. इथे काही अडणार नाही या खात्रीने ते बसले. बायको दिव्याच्या कोपऱ्याशी पोचली आणि नाहीशी झाली. मास्तर म्हणाले, काचांना रंग आहे. काचांना रंग नव्हता. विक्रेत्याने तसं अदबीने सांगितलंही. मास्तर त्याच्यावर उगाच खेकसले.

एरवी परतताना बायको सवतीला नावं ठेवत यायची. आज ती रस्त्याकडे बघत होती, आणि अधूनमधून मास्तरांकडे. एकदा तिचा हात त्यांच्या मनगटावर आला आणि तेवढ्यात एक पोरगा फुटपाथवरून उतरून रस्ता ओलांडून गेला. मास्तरांनी वेग कमी केला. तिने हात काढून घेतला.

चौथ्या शोरूमला ते गेले तेव्हा दुपार होती. प्रशस्त दालन होतं, गाड्या ऐसपैस मांडलेल्या, आणि गाडी दाखवायला एक हसरी पोरगी. मास्तर सीटवर बसले. "चल," म्हणाले.

ती निघाली. दिव्याच्या कोपऱ्याशी आली.

"गेलीस."

त्यांनी वाट पाहिली. तिच्या चपलांचा आवाज पुढे जाईना. सगळं शांत. मग तिचा आवाज आला, अगदी जवळून. "आता?"

"आता नाही."

"आता?"

"अगं, पुढे चाल ना. थांबलीस कशाला?"

ती पुढे आली, आरशाशेजारून येऊन दार उघडलं आणि म्हणाली, "जरा उतरा." मास्तर उतरले. ती त्यांच्या जागेवर बसली, मान समोर केली, आणि त्या हसऱ्या पोरीला म्हणाली, बाळा, तू एक फेरी मार गं. पोरगी निघाली. दिव्याचा कोपरा आला. मास्तरांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड बंद होतं. पोरगी चाकाशी आली, आरशाशी आली, दाराच्या मुठीशी आली. पार खांद्याच्या रेषेत आली तेव्हा बायको म्हणाली, "गेली."

आयुष्यभर मास्तरांनी ही फेरी मारली होती. माणूस कुठे नाहीसा होतो ते त्यांना कोणी सांगायला नको होतं. खांद्याशी. म्हातारा असो, पोरगा असो, गाडी लहान असो की मोठी, नजर समोर असली की खांद्याशी. दिव्यापाशी कोणीच कधी नाहीसं झालं नव्हतं. मास्तर त्या चकचकीत गाडीचं दार धरून उभे राहिले. पोरीने विचारलं, काका, पाणी आणू का? ते नको म्हणाले.

बाहेर सवत उन्हात उभी होती. बायकोने हात पुढे केला. "किल्ली द्या."

"तुला ही जमायची नाही. क्लच जड आहे."

"अहो, किल्ली द्या."

त्यांनी दिली. ती वाकून, गुडघ्यांवर दात खात, आत शिरली. सीट पुढे ओढली, आरसे फिरवले. मास्तर दुसऱ्या बाजूने येऊन बसले. सवतीच्या त्या सीटवर ते कधीच बसले नव्हते.

"मी दिव्यापाशीच उभी होते," ती समोर बघत म्हणाली. "पर्स हलवत होते. तुमच्या डोळ्यांसमोर."

"खांबामुळे..."

"तिथे खांब नव्हता."

मास्तर उसळले. शेवटची ओळ वाचतो म्हणाले. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतो म्हणाले. तिने सगळं बोलू दिलं. मग म्हणाली, "दुकानात मी रोज थेंब विकते. काचबिंदूचे. घ्यायला येणारा प्रत्येक जण हेच सांगतो, समोरचं सगळं स्वच्छ दिसत होतं."

मास्तरांनी सायकलवाल्या बाईची गोष्ट सांगितली. शिंप्याच्या दुकानापासून शाळेच्या दारापर्यंत सगळी, खारूला काय सांगितलं तेही. "ती बोलली म्हणून," ते म्हणाले. "नाहीतर मला दिसलीच नव्हती."

बायकोने डोळे मिटून घेतले. तिला राग आला होता. खारूचा विचार मनात आल्यावर कोणाला येणार नाही? ती म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?" आणि उत्तराची वाट न बघता गाडी सुरू केली.

क्लच तिला जमला. फाटकातून बाहेर पडल्यावर ती बोलू लागली, त्यांच्याशी नाही, नुसतीच. "डावीकडे हातगाडी. पुढे बस, थांबतेय. उजवीकडून म्हातारे आजोबा, काठी आहे, थांबले. डावीकडे दोन सायकली, एकामागे एक." कितीतरी वर्षांपूर्वी ती असं बोलत गाडी चालवायची. परवाना मिळाल्यावर सोडून दिलं होतं. मास्तर समोर बघत बसले होते. ती सांगत होती त्यातलं निम्मं त्यांच्या रस्त्यावर नव्हतंच. हातगाडी नव्हती, म्हातारा नव्हता, सायकली नव्हत्या. त्यांना वाटत होतं हल्ली रस्त्यांवरची गर्दी कमी झालीय. ते मान वळवत, मग तिथे हातगाडी असे. त्यांचा पाय सारखा खाली दाबला जात होता, ब्रेक नसलेल्या जागी.

घराचं वळण आलं आणि ती सरळ पुढे गेली. "डोळ्यांच्या दवाखान्याकडे," एवढंच म्हणाली. मास्तरांनी वाद घातला नाही.

तिथे त्यांना अंधाऱ्या खोलीत एका यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसवलं. हातात बटण दिलं. समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची, कडेला कुठेही उजेडाचा कण चमकला की दाबायचं. मास्तरांनी इतकं मन लावून कधी परीक्षा दिली नसेल. मधे बराच वेळ काहीच चमकेना. त्यांना वाटलं यंत्र बंद पडलंय. त्यांनी तसं विचारलं. यंत्राशेजारची बाई म्हणाली, "चालू आहे काका. बघत राहा."

डॉक्टर तरुण होता, पण उगाच गोड बोलणारा नव्हता. काचबिंदूच आहे, दोन्ही डोळ्यांची कडेची नजर झिजलीय म्हणाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी राखता येईल, पुष्कळ वर्षं राखता येईल. मास्तरांनी विचारलं, शिकवता येईल ना? बाजूलाच तर बसायचं असतं. डॉक्टरने मान हलवली. "बाजूला बसलेल्याचाच ब्रेक शेवटचा असतो ना, मास्तर?" तोही त्यांच्याकडेच शिकला होता. मास्तरांनी त्याला ओळखलं नव्हतं.

पुढचे दिवस वाईट गेले. मास्तर खुर्चीत बसून राहत. मुलीला सगळं कळलं. एक दिवस ती खारूला घेऊन वेगळं राहायचं बोलली, मग रडली, मग राहिली. मास्तरांनी तिला दोष दिला नाही. त्यांच्या स्वतःच्याच डोळ्यांसमोरून गेलं वर्ष हलेना. किती शिकाऊ, किती फाटकं, किती शाळा सुटायच्या वेळा. कोणालाही काही झालं नाही, हे आठवून त्यांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडत नसे. आपल्यापाशी बसलेली घाबरट पोरं 'सायकल, कुत्रा, बाई' म्हणत होती, त्यांच्या डोळ्यांवर आपण वर्ष काढलं आणि त्यांनाच ओरडत होतो.

शिकवायची गाडी त्यांनी एका जुन्या विद्यार्थिनीला दिली. ती बस चालवायची आणि तिला स्वतःची शाळा काढायची होती. टपावरची पाटी काढताना तिने विचारलं, ठेवू का तुमच्याकडे? ते नको म्हणाले. मग ती निघाली तेव्हा मागे हाक मारून मागून घेतली.

त्याच संध्याकाळी ते बेकरीत गेले. बेकरीवाला ट्रे लावत होता. मास्तर म्हणाले, "तो पोचा तुझ्या व्हॅनने नव्हता पडला."

"मला माहीत होतं," बेकरीवाला म्हणाला. "व्हॅन त्या दिवशी गॅरेजात होती. तुम्ही ऐकूनच घेत नव्हतात." त्याने पाव कागदात गुंडाळून पुढे केला. "वहिनी नेहमी हाच नेतात." मास्तरांना मान वर करवेना.

सवतीला विकायचं त्यांनी मनात पक्कं केलं होतं. चालवायचीच नाही तर दारात ठेवून काळीज का जाळायचं? बायकोने साफ नकार दिला. म्हणाली, सवतीला घराबाहेर काढलं तर लोक मलाच नावं ठेवतील. सुटीच्या दिवशी ती चालवेल, मास्तरांनी शेजारी बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. तोंडाची अट मास्तरांनी मान्य केली नाही. पण त्या दिवसांत ते पहिल्यांदा थोडं हसले.

मग सगळे मिळून त्या दुसऱ्या शोरूमला गेले. राखाडी गाडी अजून तिथेच होती. विक्रेत्याने मास्तरांना ओळखलं आणि त्याचा चेहरा पडला. "खांब तोच आहे, साहेब," तो म्हणाला. मास्तर म्हणाले, खांब ठीक आहे.

बायको चालकाच्या सीटवर जाऊन टेकली. हात मागितला नाही. मुलगी आणि खारू मागे बसल्या. खारूने तिथल्या तिथे काहीतरी कुरतडायला घेतलं. मास्तर बाहेरच उभे होते.

"मान समोर," ते म्हणाले. "नजर समोर."

"करा सुरू, मास्तर," ती म्हणाली.

ते निघाले. बॉनेटच्या कडेला हात लावत, कारण कड आता अधूनमधून हरवायची. दिव्याच्या कोपऱ्याशी क्षणभर थांबले. आतून आवाज आला नाही. ते चाकाशी आले, आरशाशी आले, आणि तिच्या खांद्याच्या रेषेत आले.

"गेलात," ती म्हणाली.

मास्तर मागे पोचले. गाडीच्या पाठीला हात लावून उभे राहिले. या जागी ते आयुष्यभर उभे राहिले होते, आणि मधे मी कुठे होतो असं प्रत्येकाला विचारलं होतं. इथे कोणाला दिसत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यांचे डोळे वाहू लागले आणि त्यांनी ते वाहू दिले. हिच्या शेजारच्या सीटवर आता जन्म काढायचा. ती सांगेल तेवढा रस्ता आपला.

आत मुलीने वळून बघायचा प्रयत्न केला. बायकोने तिला थांबवलेलं त्यांना ऐकू आलं. मग थोड्या वेळाने तिचाच आवाज आला. शोरूमभर ऐकू जाईल इतका मोठा नव्हता, पण त्यांना ऐकू जाईल इतका होता.

"अहो, अजून आला नाहीत."

मास्तरांनी बाहीने तोंड पुसलं आणि गाडीच्या अंगावर हात ठेवून दुसऱ्या बाजूने पुढे निघाले. मागचं चाक, मागचं दार, पुढचं दार. काचेवर आतून खारूचं नाक चपटं झालेलं होतं.

"आलात," बायको म्हणाली, आणि वाकून त्यांच्या बाजूचं दार आतून उघडून दिलं.